चौथ्या शब्दाची सारवासारव

उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, दुपारी बारा ते तीन या वेळात आपल्या बऱ्याच मराठी चर्चमध्ये सात शब्दांची उपासना होते. वधस्तंभावरून येशूने जे सात उद्गार काढले त्यांवर सात वक्ते बोलतात. पहिला शब्द क्षमेचा, दुसरा शेजारच्या चोराला दिलेल्या वचनाचा, तिसरा आईला शिष्याच्या हाती सोपवण्याचा. इथवर सगळं सुरळीत चालतं. चौथा शब्द ज्याच्या वाट्याला येतो त्याची मात्र पंचाईत होते. इथे येशू कोणाला क्षमा करत नाही, कोणाला वचन देत नाही, कोणाची सोय लावत नाही. देवाने आपल्याला का टाकलं, असं तो देवालाच विचारतो, तेही मोठ्याने ओरडून, आणि वरून उत्तर येत नाही.

मग वक्ता सारवासारव करतो. कोणी सांगतो की येशूला खरोखर टाकल्यासारखं वाटलंच नव्हतं; तो बाविसावं स्तोत्र म्हणत होता आणि त्या स्तोत्राचा शेवट स्तुतीने होतो, म्हणजे मनात विजयच होता. कोणी म्हणतो, जगाचं पाप त्याच्यावर लादलेलं होतं तेवढा वेळ पित्याने तोंड फिरवलं. तो हिशेब तिथेच चुकता झाला, तेव्हा विश्वासणाऱ्याला आता एकटं पडल्यासारखं वाटण्याचं कारण नाही. आणखी एक खुलासा आहे, तो पुलपिटावरून सहसा कोणी देत नाही. उपासना सुटल्यावर आवारात, चपला घालता घालता दिला जातो: ज्याला असं वाटतं त्याचा विश्वासच कुठेतरी कच्चा.

हे तिन्ही खुलासे ज्या पवित्र शास्त्राचा आधार घेतात त्याच्याच विरुद्ध जातात, आणि आधीच वाकलेल्या माणसाच्या पाठीवर आणखी एक ओझं टाकतात, असं माझं म्हणणं आहे. चर्चबाहेरचाही एक खुलासा आहे, नास्तिकांचा. त्याचा समाचार नंतर घेतो, कारण तो या तिघांपेक्षा सरळ आहे.

बाविसाव्या स्तोत्राचा युक्तिवाद सर्वात लोकप्रिय, कारण त्यात जरा विद्वत्तेचा वास आहे. येशूचे शब्द त्या स्तोत्राच्या सुरुवातीचे आहेत, हे खरंच. सुरुवात ऐकली की यहुदी माणसाला सगळं स्तोत्र आठवायचं, हेही मान्य करू. स्तोत्राचा उत्तरार्ध स्तुतीचा आहे, यातही वाद नाही. पण मार्क काय सांगतो ते वाचा. दुपारी बारापासून तीनपर्यंत अंधार. तीनच्या सुमारास आरोळी. जवळ उभ्या असलेल्यांना शब्दही धड कळत नाहीत. त्यांना वाटतं हा एलीया संदेष्ट्याला हाक मारतोय. एकजण धावत जाऊन आंबलेल्या द्राक्षारसात स्पंज भिजवतो, वेताच्या टोकाला लावून त्याच्या तोंडाशी नेतो आणि म्हणतो, बघू या एलीया याला उतरवायला येतो का. मग आणखी एक आरोळी, ज्यात काय शब्द होते हे मार्क सांगतही नाही, आणि प्राण जातो. ज्या गर्दीला उच्चारलेले शब्द समजले नाहीत, तिने न उच्चारलेला उत्तरार्ध मनातल्या मनात पुरा करून विजयाचा अर्थ लावला, असं म्हणायला या मजकुरात तसूभरही जागा नाही.

विजयाचंच स्तोत्र हवं असतं तर स्तोत्रसंहितेत त्यांचा तुटवडा नव्हता. लूकने खरोखरच वेगळं निवडलं. त्याच्या शुभवर्तमानात येशू एकतिसाव्या स्तोत्रातल्या शब्दांत आपला आत्मा पित्याच्या हाती सोपवतो, आणि टाकल्याचा आक्रोश तिथे नाही. योहानातही नाही. म्हणजे ही आरोळी गिळायला जड आहे हे पहिल्या शतकातच कोणाकोणाला जाणवलं असावं. मार्क आणि मत्तय यांनी ती ठेवली. मार्कने तर ती येशूच्या अरामी बोलीत ठेवली आणि अर्थ पुढे वेगळा दिला. गाळण्याची सोय असताना ज्याने गाळलं नाही, त्याच्या पानावर बसून आपण ते गाळतो, आणि वर त्याला प्रवचन म्हणतो.

आणि स्तोत्रांचा एवढाच आधार घ्यायचा असेल तर अठ्ठ्याऐंशीवं का घेत नाही? हेमानाच्या नावावरचं ते स्तोत्र रात्रंदिवस हाका मारणाऱ्या माणसाचं आहे. मित्र दूर गेलेत, शरीर खचलंय, देव तोंड लपवतोय, हे तो देवालाच सांगतो. वाचणारा शेवटच्या ओळीपर्यंत वळणाची वाट बघतो. वळण येत नाही. स्तोत्र अंधारातच संपतं. संहिता जुळवणाऱ्यांना दोन आशेच्या ओळी जोडणं काय अवघड होतं? त्यांनी जोडल्या नाहीत, आणि तरी ते स्तोत्र मंदिरात गाण्याच्या संग्रहात ठेवलं. १५० स्तोत्रांपैकी सुमारे एक तृतीयांश स्तोत्रं अशी गाऱ्हाण्याची आहेत. आपल्या रविवारच्या उपासनेत अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र मोठ्याने वाचलेलं तुम्ही शेवटचं कधी ऐकलं, आठवून पाहा.

आता कच्च्या विश्वासाकडे येतो, कारण खरं नुकसान या खुलाशाने होतं. त्याचं रूप बघायचं तर चर्चमध्ये नाही, कॅन्सरच्या वॉर्डात बघावं. संध्याकाळी भेटीची वेळ. खाटेशेजारच्या लोखंडी कपाटावर नारळपाणी, सफरचंदं, गोळ्यांच्या पट्ट्या, उशाशी नवा करार. प्रार्थना गटातली माणसं खाटेभोवती उभी राहतात. एकजण मोबाइल स्पीकरवर टाकून कुठल्याशा उपदेशकाची आरोग्यासाठीची प्रार्थना लावतो. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा कूस बदलतो. आमेन झाल्यावर गटातली एक बाई आजारी बाईच्या मनगटावर हात ठेवून हळूच विचारते, "ताई, मनात कोणाबद्दल राग धरलाय का? कबूल करायचं काही राहिलंय का?" नर्स सलाइन बदलायला येते म्हणून मंडळी पांगतात. केमोने केस गेलेली ती बाई रात्रभर आठवत बसते, काय राहिलंय.

विचारणारी दुष्ट नसते. ती रोज उपास-प्रार्थना करणारी, चार घरांत डबा पोचवणारी बाई असते. पण तो प्रश्न शुभवर्तमानातला नाही. शुभवर्तमानात तो प्रश्न येशूचे शिष्य विचारतात, आणि येशू तो खोडून काढतो. योहानाच्या नवव्या अध्यायात जन्मांधाला बघून शिष्य विचारतात, पाप कोणी केलं, याने की याच्या आईबापांनी? येशू म्हणतो, दोघांपैकी कोणीच नाही. लूकच्या तेराव्या अध्यायात शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेल्याचा विषय निघतो. ती माणसं यरुशलेमातल्या इतरांपेक्षा जास्त अपराधी होती असं समजू नका, असं येशू बजावतो. इतकी स्पष्ट उत्तरं शास्त्रात दिलेली असताना त्याच शास्त्राचे वाचक खाटेशी उभं राहून पुन्हा तोच प्रश्न कसा विचारतात, याचं मला आश्चर्य वाटत आलंय.

या स्वभावाची माणसं ईयोबाच्या पुस्तकात भेटतात. अलीफज, बिल्दद आणि सोफर हे मित्र आले तेव्हा आधी शहाण्यासारखे वागले. सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले आणि एक शब्द बोलले नाहीत. बोलायला लागले आणि बिघडलं. त्यांची भाषा निर्दोष धार्मिक आहे: देव न्यायी, न्यायी देव निरपराध्याला मारत नाही, सबब ईयोबाने काहीतरी केलं असलं पाहिजे. उलट ईयोब आपल्या जन्मदिवसाला शाप देतो, देवाशी वाद घालायची, त्याच्यापुढे फिर्याद मांडायची भाषा करतो. शेवटी देव बोलतो तेव्हा ईयोबाला चांगलं खडसावतो, पण त्याचा राग भडकतो तो मित्रांवर. त्यांनी देवाविषयी यथार्थ सांगितलं नाही, ईयोबाने सांगितलं, असा निवाडा होतो. मित्रांनी होमबली घेऊन ईयोबाकडे जायचं आणि ईयोबाने त्यांच्यासाठी प्रार्थना करायची. (त्यानंतर ईयोबाला गुरंढोरं दुप्पट मिळाली आणि नवी मुलं झाली, हा भाग मला कधीच पटलेला नाही. मेलेली दहा मुलं दुसऱ्या दहांनी भरून निघत नाहीत. पण निवाडा त्याच्या आधीच झालेला आहे.)

"देव सोसवेल तेवढंच देतो," हे वाक्यही इथेच निकालात काढू. मयताच्या घरी ते हमखास ऐकू येतं, आणि पौलाच्या नावावर खपवलं जातं. पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या दहाव्या अध्यायात जे लिहिलंय ते मोहाविषयी आहे. मागेपुढे सगळा विषय मूर्तिपूजेचा चाललाय. दुःखाविषयी त्याला काय वाटतं ते त्याच मंडळीला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात आहे. आशिया प्रांतात आपल्यावर जे गुदरलं ते आपल्या शक्तीपलीकडचं होतं, जगण्याचीही आशा सुटली होती, असं तो लिहितो. म्हणजे सोसवेना, असं खुद्द पौल म्हणतो. मग कालच नवरा गमावलेल्या बाईला सोसवलं पाहिजे, असं कोणत्या आधारावर सांगायचं?

हेच एका विद्वानाच्या आयुष्यात बघायला मिळतं. सी. एस. लुइस या ब्रिटिश लेखकाने १९४० साली वेदनेच्या प्रश्नावर एक पुस्तक लिहिलं. युक्तिवाद घट्ट, भाषा प्रसन्न. आजही बायबल कॉलेजांत वाचतात. १९६० मध्ये त्याची पत्नी जॉय कॅन्सरने गेली. त्यानंतर वह्यांत जे लिहिलं ते त्याने १९६१ मध्ये टोपणनावाने छापलं. त्या छोट्या पुस्तकात घट्ट युक्तिवाद नाही. देव हाकेच्या अंतरावर नाही याची तक्रार आहे, संताप आहे, आणि हळूहळू, न ठरवता, पुन्हा सुरू झालेलं बोलणं आहे. मला विचाराल तर पहिलं पुस्तक आधी वाचावं ते ज्याचं घर शाबूत आहे त्याने.

पित्याने तोंड फिरवल्याचा खुलासा या दोघांपेक्षा भारदस्त आहे. त्यामागे प्रायश्चित्ताची जुनी शिकवण आहे आणि तिच्याशी दोन हात करायचा हा लेख नव्हे. तरी ज्यांना आपण सुधारणावादी परंपरेतले वाटतो त्यांनी जॉन कॅल्व्हिन जरूर काढून बघावा. येशू स्वतःचं दुःख नव्हे, दुसऱ्यांचं मत बोलून दाखवत होता, असं म्हणणाऱ्यांना त्याने सोळाव्या शतकातच फटकारलंय. येशूने ती यातना अंतःकरणाच्या तळापासून भोगली, असं तो ठामपणे सांगतो. माझा आक्षेप शिकवणीला नाही, तिच्यावरून काढलेल्या निष्कर्षाला आहे. येशू टाकला गेला म्हणून आता कोणाला टाकल्यासारखं वाटू नये, हा निष्कर्ष कॅल्व्हिनचा नाही आणि नव्या कराराचाही नाही. उलट इब्री लोकांस पत्र सांगतं की येशूने आपल्या देहात मोठा आक्रोश करून, अश्रू गाळून विनंत्या केल्या, आणि म्हणून दुर्बळांना तो आपला वाटतो.

युर्गेन मोल्टमान हा जर्मन ईशज्ञानी हीच गोष्ट मोठी किंमत देऊन शिकला. जुलै १९४३ मध्ये हॅम्बुर्गवर बॉम्बवर्षाव झाला तेव्हा तो सतरा वर्षांचा होता, विमानवेधी तोफेवर मदतनीस. शेजारी उभा असलेला मित्र त्याच्या डोळ्यांदेखत मेला. पुढे ब्रिटिशांच्या युद्धकैद्यांच्या छावणीत पाद्र्याने दिलेलं बायबल हातात आलं. घरी धर्माचं वातावरण नव्हतं. वाचता वाचता तो मार्कच्या त्या आरोळीपाशी थांबला आणि हा मनुष्य माझ्या ओळखीचा आहे, असं त्याला वाटलं. १९७२ साली वधस्तंभावरच्या देवाविषयी त्याचं पुस्तक आलं. त्यात देव दुःखाचं स्पष्टीकरण देत बसत नाही, तो त्या आरोळीच्या आत सापडतो. मोल्टमानचं सगळंच मला पटत नाही. देवालाच दुःखात एवढं गुंतवलं तर सोडवणारा कोण उरतो, हा त्याच्या टीकाकारांचा प्रश्न मला रास्त वाटतो. पण चौथ्या शब्दापासून पळ काढायचा नाही, एवढं त्याने पुरतं शिकवलं.

आता नास्तिकांचा खुलासा. २००७ मध्ये मदर तेरेसांची खाजगी पत्रं पुस्तकरूपाने आली. ती नष्ट करा, अशी विनंती त्यांनी स्वतः केली होती. चर्चने ती मानली नाही. १० सप्टेंबर १९४६ रोजी दार्जिलिंगच्या गाडीत त्यांना गरिबांत जाण्याचं बोलावणं आलं, १९५० मध्ये मिशनरीज ऑफ चॅरिटी स्थापन झाली, आणि जवळजवळ त्याच सुमारास त्यांच्या आतलं देवाचं सान्निध्य विझलं. १९५८ मधला थोडा काळ सोडला तर १९९७ मध्ये मरेपर्यंत ते परत आल्याचं दिसत नाही. जगाला हसतमुख दिसणारी बाई आतून प्रार्थनेत कोरडीठाक होती. ख्रिस्तोफर हिचन्स हा त्यांचा कडवा टीकाकार. धर्म हा माणसाचा बनाव आहे हे शेवटी त्यांनाही उमगलं होतं, असा अर्थ त्याने पत्रांतून काढला.

हिचन्सच्या म्हणण्यात एक नीटनेटकेपणा आहे, पण पत्रं त्याला साथ देत नाहीत. देव आहे की नाही हे त्या पत्रांवरून ठरत नाही, हे आधी कबूल करतो. तळमळ आहे म्हणून जिच्यासाठी तळमळ आहे ती वस्तू असलीच पाहिजे, असं काही नाही. पण हिचन्सचा दावा तो नव्हता. त्याचा दावा होता की मदरना कळून चुकलं होतं. घर रिकामं आहे हे ज्याला कळलं तो त्याच दारावर पन्नास वर्षं थापा मारत नाही. भ्रमिष्ट मारेल, असं कोणी म्हणेल. तर मग त्यांना भ्रमिष्ट म्हणा, पण भ्रमनिरास झालेल्या म्हणू नका. दोन्ही एकाच वेळी चालणार नाही. पत्रांत गाऱ्हाणं आहे, आणि त्यातलं बरंचसं ज्याच्याविरुद्ध आहे त्यालाच उद्देशून लिहिलेलं आहे. हा प्रकार हिचन्सला अपरिचित असेल, मराठी माणसाला नाही. दुष्काळात बायको-मूल गमावलेल्या तुकोबांनी विठ्ठलाला किती खडे बोल सुनावले, जनाबाईने त्याला कशा शिव्या घातल्या, हे आपण पिढ्यान् पिढ्या गातो, आणि तुकोबांचा विश्वास कच्चा होता असं म्हणायला कोणी धजत नाही. तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं रेव्हरंड नारायण वामन टिळक सांगत. मराठी ख्रिस्ती मंडळींनी तो पूल वापरला आणि त्यावरचं भांडण मात्र पलीकडेच ठेवून आली.

या प्रकरणात एक पुणेकर आहे, त्याची दखल मराठीत फारशी घेतली गेली नाही. फादर जोसेफ नॉयनर हे ऑस्ट्रियन जेझुइट १९३८ मध्ये भारतात आले आणि पुण्यात दीर्घकाळ ईशज्ञान शिकवलं. १९६१ च्या सुमारास मदरनी आपला अंधार त्यांच्यापुढे लिहून मांडला. त्याआधी ज्यांना सांगितलं त्यांच्याकडून धीर मिळाला होता, उलगडा झाला नव्हता. नॉयनरनी जे सांगितलं ते थोडक्यात असं: यावर माणसाच्या हातातला उपाय नाही, यात तुमचा काही दोष नाही, आणि देवाची एवढी ओढ लागणं हीच त्याच्या लपलेल्या असण्याची खूण. शेवटच्या वाक्यावर हिचन्स हसला असता आणि ते त्याचं काम होतं. माझं लक्ष मधल्या वाक्यावर आहे. यात तुमचा दोष नाही. वॉर्डातल्या त्या बाईला कोणी हे म्हणालं असतं तर? नॉयनर २००९ साली, वयाची शंभरी ओलांडून, वारले.

मदरच्या भक्तांनी या पत्रांचं जे केलं तेही मला मान्य नाही. अंधार म्हणजे जणू संतपदाचं पारितोषिक, असा सूर २००७ नंतर लगेच लागला. ज्याच्यावर गुदरतं त्याने स्वतः आपल्या अंधारात अर्थ शोधला तर ते त्याचं. बाहेरच्याने तो अर्थ पुड्या बांधून वाटायचा नसतो. आणि इथे हिचन्सच्या गोटातल्या लोकांचं म्हणणं मला मान्य करावं लागतं. वेदना म्हणजे येशूचं चुंबन, असं आपण एका रुग्णाला म्हणालो आणि मग येशूला थांबायला सांगा असं उत्तर मिळालं, ही गोष्ट मदर स्वतः सांगत. १९९४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाचे संपादक रॉबिन फॉक्स कोलकात्याचं त्यांचं मरणोन्मुखांसाठीचं घर बघून आले आणि तिथे तीव्र वेदनाशामकं नाहीत, हे त्यांनी लिहिलं. यावर भक्तांनी बरंच काही सांगितलंय: काळ कोणता होता, साधनं किती होती. ते ऐकूनही मला वाटतं की स्वतःच्या अंधाराला अर्थ देता आला म्हणून दुसऱ्याच्या कण्हण्याला तोच अर्थ लावणं, ही चूकच.

दुसरी चूक आपल्या जवळची आहे. पंडिता रमाबाईंचं कुटुंब १८७० च्या दशकातल्या दुष्काळात सापडलं. वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराणिक. तीर्थयात्रा, जप, दानधर्म सगळं झालं होतं. वडील गेले, मग आई, मग मोठी बहीण. देवांनी ऐकलं नाही, हा अनुभव रमाबाईंनी पुढे आपल्या साक्षीत सांगितला, आणि मिशनऱ्यांच्या लिखाणात तो हिंदू देवांच्या बहिरेपणाचा पुरावा म्हणून कितीदा तरी वापरला गेला. पण गोष्ट तिथे संपत नाही. १८८३ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर, केडगावला मुक्ती मिशन उभारल्यावर, दुष्काळातून शेकडो मुली वाचवल्यावर, आयुष्याच्या अखेरीस बायबलचं मराठी भाषांतर पुरं करत आणल्यावर, जुलै १९२१ मध्ये त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा वारली. कामाची धुरा तीच वाहणार होती. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाईही गेल्या. आता या मौनाचा पुरावा कोणाविरुद्ध मांडायचा? एका घरातलं देवाचं मौन हे त्या देवाविरुद्धचं साक्षीपत्र असेल, तर दुसऱ्या घरातलं मौन म्हणजे त्याची गूढ योजना, हा न्याय कुठला? दुसऱ्याच्या देवावर ही काठी उगारणाऱ्यांनी ती खाली ठेवावी. वधस्तंभाखाली उभं राहून एलीया येतो का बघू म्हणणाऱ्यांच्या हातातही तीच होती.

दुःखाला अर्थ असतो आणि म्हणून ते सोसावं, एवढंच ख्रिस्ती मत आहे असं मानणाऱ्यांना, मग ते आतले असोत की बाहेरचे, एक उदाहरण देऊन ठेवतो. लंडनमध्ये १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उघडणाऱ्या सिसिली साँडर्स या श्रद्धाळू ख्रिस्ती होत्या. आधी नर्स, मग समाजसेविका, मग डॉक्टर. १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून हॅकनीच्या सेंट जोसेफ्स या नन चालवत असलेल्या हॉस्पिसमध्ये त्यांनी मरणोन्मुख रुग्णांना तोंडावाटे मॉर्फिन ठरलेल्या वेळांना द्यायला सुरुवात केली. दुखणं परत उठेपर्यंत थांबायचं नाही, उठण्याआधीच पुढचा डोस. जगभरची वेदनाशमनाची वैद्यकी या पद्धतीवर उभी राहिली. मुंबईत वांद्र्याला १९८६ मध्ये शांती आवेदना सदन सुरू झालं. देशातलं पहिलं हॉस्पिस म्हणून ते ओळखलं जातं आणि त्याचे संस्थापक डॉ. एल. जे. डिसूझा हे कॅन्सरचे सर्जन. तिथेही सेवेला नन आहेत, तिथेही प्रार्थना होते. पोप जॉन पॉल दुसरे यांनी फेब्रुवारी १९८४ च्या आपल्या पत्रात दुःखाला तारणाचा अर्थ दिला, पण त्याचा शेवट त्यांनी चांगल्या शोमरोनी माणसावर केला, आणि तो शोमरोनी जखमी माणसाला अर्थ समजावत बसला नाही. त्याने तेल आणि द्राक्षारस ओतून जखमा बांधल्या आणि धर्मशाळेचं भाडं भरलं.

तेव्हा पाळकांना, फादरांना आणि प्रार्थना गटांतल्या बंधूभगिनींना एवढीच विनंती. यापुढे कोणाच्या खाटेशी जाल तेव्हा कबूल करायचं काय राहिलंय हे विचारू नका. दुखणं किती आहे आणि गोळी वेळेवर मिळतेय का, ते विचारा. मॉर्फिनची सवय लागेल या भीतीने घरचे डोस चुकवत असतील तर त्यांना डॉक्टरांकडे न्या. १९८५ च्या अंमली पदार्थांच्या कायद्यामुळे मॉर्फिन मिळणं फार अवघड झालं होतं. २०१४ च्या दुरुस्तीनंतर वाट थोडी मोकळी झालीय, आणि परळच्या टाटा रुग्णालयात वेदनाशमनाचा स्वतंत्र विभाग आहे. आणि आजारी माणूस देवाने मला टाकलं असं म्हणाला, तर त्याला गप्प करू नका, त्याच्यासाठी उत्तरही देऊ नका. स्टूल ओढून बसा आणि त्याला बोलू द्या.